एका विषण्ण चित्रमालिकेविषयी प्रेक्षकांचे अभिप्राय

विषण्ण नाट्यकृती आपल्या लोकांस रुचत नाहीत, असे पुष्कळदा म्हटले जाते. हे म्हणणे आम्हांस सर्वस्वी मान्य नाही. राम गणेश गडकरी यांचे ‘एकच प्याला’ १९१९ साली रंगभूमीवर आले, तेव्हापासून मराठी प्रेक्षक त्या नाटकास रडत आला आहे, आणि रडावयास मिळते म्हणूनच पुन्हा पुन्हा तिकीट काढीत आला आहे. सुधाकराचा नाश होतो, सिंधू मरते, तान्हे मूल प्राणास मुकते; ह्याहून अधिक अंधार तो कोणता? तथापि प्रेक्षक घरी परततो तो एक प्रकारच्या समाधानाने, कारण दोष कोणाचा हे त्यास पक्के ठाऊक असते. दोष प्याल्याचा. ज्याच्या घरी प्याला नाही तो निःशंक झोपी जातो. (ज्याच्या घरी आहे तोही झोपी जातो, पण तो विषय निराळा.) तेव्हा आपणांस दुःख नको असते असे नव्हे, ज्यातील गुन्हेगाराचा पत्ता लागत नाही असे दुःख तेवढे नको असते.

हा विचार आमच्या मनात दृढ झाला तो ‘देकालोग’ नावाच्या पोलिश चित्रमालिकेविषयी निरनिराळ्या प्रेक्षकांचे अभिप्राय ऐकत असताना. ‘देकालोग’ म्हणजे दहा वचने. सीनाय पर्वतावर मोशेच्या हाती दिलेल्या दहा आज्ञांचे हे ग्रीक नाव होय. क्शिश्तोफ कीश्लोव्स्की (१९४१–१९९६) ह्या दिग्दर्शकाने ही मालिका पोलंडच्या दूरचित्रवाणीसाठी १९८८ च्या सुमारास तयार केली. भाग दहा, प्रत्येक भाग साधारण एक तासाचा. पोलंडात त्या डिसेंबर १९८९ पासून जून १९९० पर्यंत घरोघर दाखविल्या गेल्या. दहा आज्ञांवर चित्रपट काढावा ही मूळ सूचना मात्र दिग्दर्शकाची नव्हे. ती त्याचा सहलेखक क्शिश्तोफ पिएशेविच याची. हा गृहस्थ धंद्याने वकील. डिसेंबर १९८१ मध्ये पोलंडात लष्करी कायदा पुकारला गेला, त्यानंतरच्या राजकीय खटल्यांत त्याने आरोपींचा बचाव केला होता. न्यायालयाच्या आवारात ज्याने आयुष्य घालविले त्यास मोशेची आठवण व्हावी, ह्यात आम्हांस तरी नवल वाटत नाही.

मालिकेचे स्थळ म्हणजे वॉर्सा शहरातील उंच, करड्या इमारतींची एक वसाहत. दहाही कथांतील माणसे बहुतेक ह्याच वसाहतीत राहतात. एका कथेत ज्याच्या जीवनमरणाचा प्रश्न चाललेला असतो, तोच दुसऱ्या कथेत लिफ्टमध्ये क्षणभर दिसतो आणि आपल्या मजल्यावर उतरून जातो. दुसऱ्या भागातील वृद्ध डॉक्टर चौथ्या भागात असे दिसतात. सहाव्यातील पोस्टाचा कारकून दहाव्यात टपालाच्या खिडकीमागे बसून तिकिटे विकीत असतो. लांबलचक ओळखपाळख कोणाचीच नाही. राजकारण, दुकानापुढील रांगा, टंचाई, ह्यांपैकी काहीही दिग्दर्शकाने मुद्दाम आत येऊ दिलेले नाही. दरवाजे, जिने, खिडक्या आणि माणसे एवढेच ठेविले आहे.

येथे एक गोष्ट आमच्या विद्यार्थ्यांसाठी सांगणे अवश्य आहे. ह्या भागांना नावे नाहीत, केवळ अनुक्रमांक आहेत. आणि कोणत्याही भागात त्या त्या आज्ञेचे शब्द पडद्यावर येत नाहीत. आपण प्रॉटेस्टंट प्रश्नोत्तरावलीत शिकलेल्या क्रमाने जर ते जुळवू गेलो, तर पाचव्या भागापाशी गोंधळ होतो, कारण तेथे आईबापांचा सन्मान नसून मनुष्यहत्या आहे. पोलंड हा रोमन कॅथलिक देश. त्या परंपरेत मूर्तीविषयीची आज्ञा पहिल्या आज्ञेतच समाविष्ट होते आणि लोभाविषयीची आज्ञा शेवटी दोन ठिकाणी विभागली जाते. म्हणून मधल्या आज्ञांचा क्रम एकेकाने मागे सरतो. वसईकडील आमच्या कॅथलिक बांधवांना ही अडचण मुळीच येणार नाही. आमच्या एका माजी विद्यार्थ्याने मात्र पाचवा भाग संपेपर्यंत ‘ह्यात आईबाप कोठे आहेत?’ असा शोध चालविला होता, आणि त्याचा शोध अगदीच वाया गेला असे आम्ही म्हणणार नाही. त्या भागातील तरुण खुन्यास फाशीच्या आधी काही बोलावयाचे असते, ते आपल्या घरच्या माणसांविषयीच होय.

गतवर्षी काही शिक्षक, काही पालक आणि शाळा सोडून महाविद्यालयात गेलेले काही तरुण अशी दहाबारा मंडळी जमून आम्ही हे दहा भाग दहा शनिवारी पाहिले. भाषा पोलिश, खाली इंग्रजी मजकूर. ज्यांना इंग्रजी भराभर वाचता येत नसे त्यांना शेजारचा माणूस हळू आवाजात मराठीत सांगे. प्रत्येक शनिवारी नंतर चहा आणि चर्चा होई. त्या चर्चांत जी मते निघाली त्यांपैकी काहींविषयी येथे लिहावयाचे आहे. कारण ती मते एकट्या ह्या मालिकेविषयी नाहीत, आपण दुःखाकडे कसे पाहतो ह्याविषयी आहेत.

सर्वांत अधिक वेळा ऐकू आलेला अभिप्राय हा की, ‘ह्यात नुसता अंधार आहे, मुलांनी ह्यातून घ्यावयाचे काय?’ हा प्रश्न करणारे पालक सुजाण होते, म्हणून त्याची टर उडविणे योग्य नव्हे. पण हा प्रश्न आम्ही शिक्षकांनीच त्यांना शिकविला आहे, ही गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. प्रत्येक पाठाखाली ‘ह्या गोष्टीपासून कोणता बोध मिळतो?’ असे विचारावयाचे, आणि एका ओळीत उत्तर आले की दोन गुण द्यावयाचे, हा आमचा वर्षानुवर्षांचा शिरस्ता. असा विद्यार्थी मोठा होऊन चित्रपटगृहात बसला म्हणजे त्याचा हात आपोआप वहीकडे जातो. एका ओळीत मावणारा बोध सापडला नाही की त्याला वाटते, प्रश्नपत्रिकाच चुकीची आहे.

पहिल्या भागावरून झालेला वाद आम्ही विसरणार नाही. कथा थोडक्यात अशी. विद्यापीठात शिकविणारा एक बाप आणि त्याचा दहाअकरा वर्षांचा मुलगा पावेल. बापाचा मोजमापावर विश्वास, घरात संगणक, मुलगाही त्यात निष्णात. मुलाची आत्या इरेना धर्मनिष्ठ आहे. देव कोण आहे असे मुलगा विचारतो, तेव्हा ती त्याला पोटाशी धरते आणि आता तुला काय वाटते असे उलट विचारते. हिवाळा कडक आहे, घराजवळचे तळे गोठले आहे. नाताळासाठी आणून ठेविलेले बर्फावर घसरण्याचे बूट मुलाच्या दृष्टीस पडले आहेत. बाप मागील दिवसांचे तपमान यंत्रात घालून हिशेब करितो. बर्फ मुलाच्या वजनाच्या कितीतरी पट भार सोशील असे उत्तर येते. तेवढ्यावर न थांबता तो रात्री स्वतः तळ्यावर जाऊन पायाने आणि काठीने बर्फ तपासून येतो. दुसऱ्या दिवशी बर्फ फुटतो आणि मुलगा बुडून मरतो. बाप एका अर्धवट बांधलेल्या चर्चमध्ये जाऊन वेदी उलथून टाकतो. मेणबत्त्यांचे मेण मरीयेच्या चित्रावर ओघळते, आणि ते अश्रूंसारखे दिसते. इतकेच.

चित्र संपल्यावर आमच्यातील एक ज्येष्ठ, अत्यंत सात्त्विक गृहस्थ म्हणाले, ‘ह्यात अंधार कोठे आहे? अर्थ तर स्पष्ट आहे. यंत्रास देव मानले, त्याचे फळ मिळाले.’ एक तरुण विज्ञानाचा पदवीधर लगेच उसळून म्हणाला की, अर्थ हाच असेल तर ही धर्मभोळेपणाची जाहिरात आहे आणि असले चित्र शाळेच्या आसपासही फिरकू देऊ नये. दोघांचे बराच वेळ चालले. एका कोपऱ्यात एक बाई बसल्या होत्या. त्यांचे मूल काही वर्षांपूर्वी तापाने गेले होते. हे त्या दोघांपैकी कोणास ठाऊक नव्हते. त्या शांतपणे म्हणाल्या, ‘आमच्या घरी तर संगणक नव्हता, दादा.’

ह्यावर कोणी काही बोलले नाही, आणि बोलण्यासारखे काही नव्हतेही. परंतु आमचे स्वतःचे मत त्या वेळी राहून गेले, ते येथे स्पष्ट लिहितो. बापाच्या गणिताची शिक्षा म्हणून निरपराध लेकरास बुडविणारा देव पवित्र शास्त्रातील देव नव्हे. लूककृत शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसे मेल्याचा उल्लेख आहे. ती माणसे इतरांहून अधिक पापी होती काय, असे प्रभूने स्वतःच विचारले आणि ‘नाही’ असे स्वतःच उत्तर दिले. त्या अठरा जणांच्या माथी मारलेला दोष त्याने काढून घेतला आणि बुरूज का पडला हे मात्र सांगितले नाही. कीश्लोव्स्कीही बर्फ का फुटला हे सांगत नाही. आमच्या धार्मिक मित्राने आणि आमच्या वैज्ञानिक मित्राने एकच गोष्ट केली: दोघांनीही बर्फाकडून उत्तर काढून घेतले, मग एकाने त्या उत्तराला टाळी दिली आणि दुसऱ्याने त्याचा निषेध केला. चित्रपटात ते उत्तर नाहीच. त्यातील बाप मूर्ख किंवा उन्मत्त दाखविलेला नाही. तो मुलावर प्रेम करणारा, त्याच्याशी मरणाविषयीही खरे बोलणारा, रात्री थंडीत जाऊन बर्फ तपासणारा बाप आहे. आम्ही आमच्या वर्गात तपमानाची उदाहरणे शिकवितो आणि उपासनेच्या वेळी स्तोत्रेही म्हणवून घेतो. ह्या दोहोंपैकी एकामुळे मूल बुडते असे आमच्या कोणत्याही विद्यार्थ्याने घरी घेऊन जाऊ नये, अशी आमची कळकळीची इच्छा आहे.

आता कथांच्या गुंफणीविषयी. अनेकांना ती केवळ करमणुकीची युक्ती वाटली. ‘अरे, हा तर मागच्या शनिवारचा!’ असे ओळखण्याची एक गंमत असते खरी. पण ही गुंफण काढून घेतली तर मालिकेचा प्राणच जाईल असे आम्हांस वाटते, आणि त्याचे प्रमाण पाचव्या भागात आहे.

त्या भागात वॉर्साचा एक टॅक्सीवाला आपली गाडी धूत असतो. थंडीत एक जोडपे येऊन उभे राहते आणि आम्हांस घेऊन चला म्हणते. हा थोडे थांबा म्हणून त्यांना ताटकळत ठेवितो आणि मग काही कारण नसताना, केवळ लहरीने, त्यांना तेथेच सोडून एकटा निघून जातो. पुढे त्याला जे गिऱ्हाईक मिळते तो यात्सेक नावाचा विशीतला तरुण होय; तो गावाबाहेर नेऊन टॅक्सीवाल्याचा खून करितो. हे सर्व त्या एका भागापुरते पाहिले तर दैवगती म्हणून सोडून देता येईल. पण आपण ते जोडपे ओळखतो. दुसऱ्या भागातील दोरोता आणि तिचा पती ते हेच. तो पती तेव्हा मरणाच्या दारी होता. जन्मास यावयाच्या एका मुलाचे जीवित डॉक्टरांच्या एका उत्तरावर अवलंबून होते. आणि डॉक्टरांनी, ज्यांचे स्वतःचे सारे कुटुंब युद्धातील बाँबहल्ल्यात नाहीसे झाले होते, एक घोर निर्णय घेऊन ते मूल वाचविले. पती आश्चर्यकारक रीतीने बरा झाला. आम्ही एक तासभर श्वास रोखून ज्यांच्यासाठी बसलो होतो, ती ही माणसे. टॅक्सीवाल्यास मात्र ती रस्त्यावरची दोन गिऱ्हाइके, आणि त्यांस टाळण्यात त्याला गंमत वाटली.

यरुशलेमेहून यरीहोस जाणाऱ्या वाटेवरील याजक आणि लेवी आमच्या वाचकांस ठाऊक आहेत. ते दोघे दुष्ट होते असे दाखल्यात कोठेही म्हटलेले नाही. ते दुसऱ्या बाजूने गेले एवढेच. ‘देकालोग’मधील बहुतेक माणसे दुसऱ्या बाजूने जातात. तिसरा भाग नाताळच्या आदल्या रात्रीचा आहे. एक गृहस्थ सांताक्लॉजचा वेष घालून घरी मुलांना भेटी द्यावयास येत असता इमारतीच्या दाराशी त्याला एक माणूस भेटतो. चार शब्द होतात आणि दोघे आपापल्या वाटेने जातात. हा माणूस म्हणजे पहिल्या भागातील पावेलचा बाप. नाताळची रात्र, खिडकीतून दिसणारे दुसऱ्याचे घर, आणि घसरण्याचे बूट ज्याच्यासाठी आणले होते तो मुलगा नाही. दिग्दर्शकाने येथे संगीत वाढविले नाही की चेहरा मोठा करून दाखविला नाही. ज्याने पहिला भाग पाहिला नाही त्याला हा कोणी शेजारी वाटेल. आणि शेजाऱ्यालाही तो शेजारीच वाटतो!

ह्याच भागावर एका आदरणीय बाईंचा आक्षेप असा होता की, नायक पत्नीशी खोटे बोलून नाताळची सारी रात्र बाहेर काढतो, मग पवित्र दिवसाची आज्ञा ह्यात पाळली कोठे? आक्षेप खरा आहे. त्याचा आणि त्याला बाहेर बोलावणाऱ्या एवा नावाच्या स्त्रीचा पूर्वेतिहास निष्कलंक नाही, हेही खरे. पण पहाटे आपणांस कळते की तिचा पती हरवला आहे ही तिने रचलेली कथा होती. तो तीन वर्षांपूर्वीच तिला सोडून गेला आहे. सणाची रात्र एकटीने काढणे तिला अशक्य झाले होते, आणि सकाळपर्यंत कोणी सोबत राहिले नाही तर जीव द्यावयाचा, असे तिने मनाशी ठरविले होते. तो राहिला, ती जिवंत राहिली. तो निर्दोष ठरला असे आम्ही म्हणत नाही. शब्बाथ दिवशी वाळलेल्या हाताचा मनुष्य पुढे आला तेव्हा सभास्थानातील भल्या लोकांचे लक्ष कोठे होते, एवढे मात्र त्या रात्री आम्हांस आठवले.

पाचव्या भागाविषयी जे तीव्र मत आले ते येथे टाळता येणार नाही. खुनाचे दृश्य कित्येक मिनिटे चालते. ते पाहवत नाही, आणि पाहवू नये अशाच हेतूने ते घेतलेले आहे. त्यानंतर राज्याच्या वतीने यात्सेकला फाशी दिली जाते, तेही तितक्याच तपशिलाने, आणि तेही पाहवत नाही. सारे चित्र हिरवट, मळकट काचेतून पाहिल्यासारखे दिसते. ह्याच कथेचे मोठे रूप स्वतंत्र चित्रपट म्हणून १९८८ साली कान येथील महोत्सवात परीक्षकांच्या पारितोषिकास पात्र ठरले आणि त्याच वर्षी युरोपीय चित्रपटांचे पहिले पारितोषिकही त्यास मिळाले. पोलंडातील शेवटची फाशी एप्रिल १९८८ मध्ये झाली आणि १९९७ च्या दंडसंहितेने ती शिक्षाच रद्द केली; ह्याचे श्रेय एका चित्रपटास देणे अतिशयोक्तीचे होईल. आमच्यातील एका पालकांचे म्हणणे असे पडले की, खुनी मनुष्याविषयी दया उत्पन्न करणे हे समाजास घातक आहे. आम्ही त्यांना एवढेच विचारले की, टॅक्सीवाल्याविषयी आपणांस दया वाटली की नाही? ते म्हणाले, वाटली, आणि तो मनुष्य तर जिवंतपणी मुळीच चांगला दिसला नव्हता. मग दयेचा प्रकार दोन्ही ठिकाणी एकच आहे. आज्ञेत मारल्या जाणाऱ्या मनुष्याची लायकी लिहिलेली नाही.

दहांपैकी आठ भागांत एक तरुण पुन्हा पुन्हा दिसतो. कधी तळ्याकाठी शेकोटीपाशी, कधी ट्राम चालविताना, कधी विद्यापीठाच्या वर्गात, कधी सायकलवर. तो एक शब्दही बोलत नाही, केवळ पाहतो. आर्तुर बार्चिश ह्या नटाने हे काम केले आहे. हा कोण, ह्याविषयी आमच्या मंडळींत जितकी डोकी तितकी मते झाली: देवदूत, मृत्यू, सद्सद्विवेक, प्रत्यक्ष प्रभू. दिग्दर्शकाने स्वतः एवढेच सांगितले होते की, घडणाऱ्या गोष्टींवर त्याचा काही परिणाम होत नाही. तो येतो आणि पाहतो. कित्येकांना हे निराशाजनक वाटले. जो पाहतो पण थांबवीत नाही त्याचा उपयोग काय? आम्ही ह्या प्रश्नाचे उत्तर देऊ शकत नाही. परंतु त्या वसाहतीत सरळ नजरेने दुसऱ्याकडे पाहणारा तोच एक आहे, आणि पहिल्या भागात त्या शेकोटीपाशी बसून त्याने डोळे पुसले आहेत, हे विसरता येत नाही.

दुसऱ्या टोकाचीही मते होती, आणि ती आम्हांस पहिल्यांइतकीच अपुरी वाटली. महाविद्यालयातील दोनतीन तरुणांना ही मालिका उदास आहे म्हणूनच आवडली. त्यांच्या मते जीवन निरर्थक आहे हे एका मोठ्या कलावंताने सिद्ध केले. त्यांनी आधारही पुष्कळ आणले: स्टॅन्ली कुब्रिक ह्या विख्यात दिग्दर्शकाने १९९१ साली ह्या पटकथांच्या इंग्रजी आवृत्तीस प्रस्तावना लिहिली, इत्यादी. ते खरे, पण कुब्रिकने स्तुती केली ती कल्पनांविषयी नुसते न बोलता त्या नाट्यातून उभ्या करण्याच्या हातोटीची, औदासीन्याची नव्हे. आणि व्हॅटिकनने १९९५ साली, चित्रपटकलेच्या शताब्दीनिमित्त, पंचेचाळीस महत्त्वाच्या चित्रपटांची जी यादी केली तीत ‘देकालोग’ मूल्यांच्या विभागात घातला आहे. औदासीन्य हे वीस वर्षांच्या वयात फुलासारखे कोटाला लावता येते. त्या तरुणांपैकी एकानेही त्या शनिवारी कोपऱ्यातील बाईंना घरापर्यंत पोहोचवावयाचे मनात आणले नाही. वैज्ञानिक मित्राने आणले.

शिवाय ही मालिका निखळ काळी आहे, हे विधानच चुकीचे आहे. आठव्या भागात झोफिया नावाची वृद्ध प्राध्यापिका नीतिशास्त्र शिकविते. तिच्या वर्गात एक विद्यार्थिनी नैतिक कोड्याचे उदाहरण म्हणून त्या डॉक्टरांची, म्हणजे दुसऱ्या भागातील, हकीकत सांगते. झोफियाचे म्हणणे असे पडते की ह्या साऱ्यात महत्त्वाचे हे की मूल जिवंत आहे. पण त्याच वर्गात एल्झ्बिएता नावाची एक पाहुणी बसली आहे. १९४३ साली, ती सहा वर्षांची यहूदी मुलगी असताना, तिला आसरा देण्याचे ठरवून ऐनवेळी एका घराने माघार घेतली होती. आणि माघार घेणारी ती स्त्री म्हणजे हीच झोफिया. चाळीस वर्षांनंतर दोघी समोरासमोर येतात. तेव्हा नकारासाठी खोटी साक्ष न देण्याच्या आज्ञेचा आधार दिला गेला होता. खरे कारण निराळे, एका माणसाविषयीचा संशय, आणि तो संशयही पुढे खोटा ठरला होता. दोघी एका घरी जेवतात, एका घरी झोपतात. ज्याच्यावर संशय घेतला होता तो शिंपी मात्र युद्धाविषयी बोलावयास तयार होत नाही. तो दुकानाच्या काचेतून त्या दोघींना रस्त्यावर बोलताना पाहत राहतो. वॉर्साच्या ज्या भागात ही वसाहत उभी आहे, त्याच भागात युद्धकाळी यहूद्यांना कोंडून ठेविले होते, हे ध्यानात ठेवून हा भाग पाहावा. क्षमा झाली आणि सर्व काही पूर्ववत् झाले, असे दाखविण्याचा मोह दिग्दर्शकाने आवरला आहे.

आणि दहावा भाग तर चक्क हसवितो. बाप मरतो आणि दोन भावांना त्याच्या टपालतिकिटांचा अमूल्य संग्रह मिळतो. हा बाप आठव्या भागात झोफियाच्या दारी येऊन नवी तिकिटे कौतुकाने दाखवून गेलेला असतो. बापाच्या ह्या वेडापायी घरच्यांचे काय झाले हे तेव्हा आपणांस ठाऊक नसते. धाकटा भाऊ गवई, आणि त्याचे गाणे म्हणजे साऱ्या आज्ञा मोडा असा जाहीर उपदेश. ज्या मुलांना बापाच्या तिकिटांचा तिटकारा होता तीच हळूहळू त्या वेडाने झपाटतात; एका दुर्मिळ तिकिटासाठी थोरला आपले मूत्रपिंड देऊन बसतो, आणि तो इस्पितळात असताना चोर सारा संग्रह लांबवितात. मग प्रत्येक भाऊ गुपचूप पोलिसांकडे जाऊन दुसऱ्यावर संशय व्यक्त करितो. शेवटी दोघांनीही, एकमेकांच्या नकळत, पोस्टातून तीच साधी नवी तिकिटे विकत घेतलेली असतात. ती एकमेकांपुढे ठेवून दोघे पोट धरून हसतात. आमच्या मंडळींत ह्या ठिकाणी सर्वांत मोठ्याने हसल्या त्या कोपऱ्यातील बाई.

आता पालकांच्या मूळ प्रश्नाकडे वळतो, कारण तो प्रश्न करण्याचा त्यांस अधिकार आहे. ही मालिका मुलांसाठी केलेली नाही, आणि ती सरसकट मुलांपुढे ठेवावी असे आमचे मत नाही. दुसरा, तिसरा, चौथा, सहावा, सातवा आणि नववा हे भाग विवाहित माणसांच्या अडचणींचे व त्याहूनही नाजूक विषयांचे आहेत. शाळकरी वयात त्यांची घाई कशाला? नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांना पहिला आणि आठवा हे भाग दाखविण्यास हरकत नाही. पण पालकांनी शेजारी बसून पाहावेत, आणि संपल्यावर लगेच बोध विचारू नये. मुलाने विचारले की, ‘बाबा, बर्फ का फुटला?’ तर ‘ठाऊक नाही’ असे सांगण्याची तयारी ठेवावी. दहावा भाग थोड्या मोठ्या मुलांसाठी. त्यातील गाण्याचे शब्द आधी वाचून मग ठरवावे. पाचवा भाग सज्ञान झाल्यावर पाहावा, आणि तोही एकट्याने पाहू नये.